मापावर बनवलेली इआइतो: खान्देशच्या हवेत कोणता पर्याय टिकतो, कोणता नाही

जळगाव, भुसावळ, धुळे भागात इआइदो (म्यानातून तलवार उपसण्याची जपानी कला) किंवा केन्जुत्सु (जपानी तलवारबाजी) शिकणाऱ्याने जपानहून मापावर बनवून घेतलेली इआइतो, म्हणजे सरावाची बिनधार तलवार, मागवावी का? मागवावी. वस्तू पैसे वसूल आहे. फक्त फॉर्म भरताना पैसा दागिन्यांवर घालू नका. लांबी, मूठ आणि म्यानाचं तोंड या तीन जागी घाला. बहुतेक विक्रेत्यांच्या फॉर्मवर आधी त्सुबाची, म्हणजे परजेची, नक्षीदार चित्रं दिसतात. माणूस तिथेच अडकतो आणि लांबीचा रकाना घाईत भरतो. परज पुढे कधीही बदलता येते, पात्याची लांबी मात्र नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते. इआइतोचं पातं पोलादाचं नसतं. ते जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, ओतीव, वरून मुलामा दिलेलं असतं. जपानमध्ये पोलादी तलवार परवानाधारक लोहारच घडवू शकतो आणि तिची नोंदणी लागते. सरावासाठी हा मऊ धातू त्यातूनच आला. गिफू प्रांतातलं सेकी हे त्याचं मोठं केंद्र. ओळखायची सोपी खूण म्हणजे फ्रिजवरचं चुंबक पात्याला लावून बघा, चिकटत नाही. या धातूला धार धरत नाही आणि आघात सोसवत नाही. इआइतोने काहीही कापायचं नाही आणि ती दुसऱ्या तलवारीवर, अगदी लाकडीवरही, आपटायची नाही. ओतीव धातू वाकण्याऐवजी तुटतो, आणि तुटतो बहुधा मुठीजवळ.

लांबी शाकूत मोजतात. १ शाकू म्हणजे ३०.३ सेंटिमीटर. माप पात्याच्या पाठीवरच्या खाचेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत घेतात, बाकावरून नाही. टेप पात्याच्या बुडाशी असलेल्या धातूच्या पट्टीच्या पुढच्या कडेपासून लावला तर माप दोन-अडीच सेंटिमीटर कमी भरतं आणि पुढची तलवार तेवढीच आखूड मागवली जाते. अंदाज असा: उंची १६० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर २.३५ शाकू (७१.२ सेंमी), १७० ला २.४५ (७४.२ सेंमी), १७५ च्या पुढे २.५० (७५.८ सेंमी). हा फक्त अंदाज झाला. हात लांब असतील किंवा खांदे आखडलेले असतील तर आकडा हलतो, म्हणून शेवटचा शब्द शिकवणाऱ्या सेन्सेईंचा. लांब तलवार रुबाबदार दिसते हे खरं, पण डावा हात म्यान मागे ओढायला कमी पडला की टोक म्यानाच्या तोंडाला घासतं आणि लाकडाचा भुसा आत पडायला लागतो. आखूड तलवारीचा त्रास उलटा: म्यान न ओढताच उपसता येते, आणि ती खोड पुढे जाता जात नाही.

वजन म्यानाशिवायचं विचारा. नवशिक्याला ७०० ते ८५० ग्रॅम पुरे. पात्यावर पन्हळ, म्हणजे बो-हि, कोरलेली घ्या. तिने वजन उतरतं आणि वार सरळ गेला की हवा कापल्याचा आवाज येतो. पातं तिरकं गेलं की आवाज विरतो. हा फुकटचा परीक्षक आहे, त्यासाठी जास्तीचे पैसे लागले तरी द्यावेत. वजन तेवढंच असून तोल टोकाकडे गेला असेल तर कोपर दुखायला लागतं. अशा वेळी परज जड घेतली की तोल हाताकडे सरकतो. लोखंडी परज या कामी चांगली, पण पावसाळ्यात गंजते. महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवायचं.

आता मूठ. २.४५ शाकूच्या पात्याला नेहमी ८ सुन, म्हणजे २४ सेंटिमीटरची मूठ येते. पंजे मोठे असतील तर साडेआठ सुन सांगा. उजवा हात परजेपासून बोटभर मागे, डाव्याची करंगळी शेवटच्या टोपीच्या अलीकडे आणि दोन्ही हातांमध्ये एक-दोन बोटांची फट, एवढं बसलं की मूठ बरोबर. गुंडाळलेल्या फितीसाठी सूत, रेशीम आणि चामडं असे पर्याय असतात. रेशीम घट्ट बसतं, बारीक दिसतं आणि महाग पडतं. सूत घाम पितं, हाताला मऊ लागतं, पण त्यातलं मीठ वाळून फीत कडक होते. चामड्याच्या फितींत उलट्या बाजूचं, लव असलेलं चामडं घ्या. गुळगुळीत चामडं इथल्या मेमध्ये हातातून निसटतं. फितीखाली खरं सामे, म्हणजे पाकट माशाचं खरखरीत कातडं, मागा. प्लॅस्टिकच्या नकली सामेवर फीत सरकते, फितीच्या गुंडाळीतले हिऱ्याच्या आकाराचे चौकोन एका बाजूला कलतात आणि मूठ हातात फिरल्यासारखी वाटते. पांढरी फीत फोटोत छान दिसते. फोटोपुरतीच.

म्यानाच्या बाबतीत मात्र खान्देशचा स्वतंत्र विचार करावा लागतो, कारण जपानी फॉर्मवर आपल्या हवेसाठी रकाना नसतो. म्यान होनोकी नावाच्या मॅग्नोलियाच्या हलक्या लाकडाचं असतं, दोन फाळ्या कोरून चिकटवलेलं. त्याच्या तोंडाला कोइगुची म्हणतात, कोई माशाचं तोंड. पात्याच्या बुडाशी असलेली धातूची पट्टी, हाबाकी, या तोंडात दाबून बसते आणि तलवार त्याच पकडीवर म्यानात थांबते. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आकसतं. जोडावर बारीक चीर पडते, किंवा तोंड सैल होतं आणि आपण वाकलो की तलवार आपसूक बाहेर सरकते. मुठीतलं लाकूडही आकसतं, मग परज खुळखुळायला लागते. जुलैत नेमकं उलटं. लाकूड फुगतं, हाबाकी अडकून बसते आणि लोक जोर लावून उपसतात. त्या जोरात डाव्या हाताची बोटं म्यानाभोवती आवळलेली असतात, आणि चीर पडलेली असेल तर म्यान तिथेच फाकतं.

म्हणून तोंडाला म्हशीच्या शिंगाची कडी असलेलं म्यान मागा. तो पर्याय महाग असला तरी इथे चुकवू नका. तोंड सैल झालं तर आतून कागदासारखी पातळ लाकडी फळी चिकटवा. आइस्क्रीमच्या काडीला घासून घासून पाव मिलिमीटर करता येते. एका वेळी एकच, थोडासा फेव्हिकॉल, आणि रात्रभर वाळू द्यायचं. म्यान उलटं धरल्यावर तलवार पडू नये आणि परजेला अंगठ्याने रेटल्यावर सुटावी, इथे थांबायचं. पावसाळ्यात घट्ट झालेलं तोंड लगेच पॉलिश पेपरने घासू नका. आठवडाभर कोरड्या खोलीत ठेवून बघा. जुलैत घासलेलं तोंड दिवाळीनंतर सैल निघतं. तलवार कूलरच्या झोतासमोर, पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

परज खुळखुळली तर मुठीच्या बाजूला एक जाड सेप्पा, म्हणजे पितळी चकती, घाला. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही पुरतो. खिळा, एम-सील असलं काही नको. मुठीतून आरपार जाणारी बांबूची खुंटी, मेकुगी, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जोखमीची वस्तू. तीच पातं मुठीत धरून ठेवते. दर सरावाआधी अंगठ्याने दाबून बघा. सैल वाटली तर थोडी पुढे ठोका, चेपलेली दिसली तर बदला. सातपुड्यातल्या मानवेल बांबूचा जुना, वाळलेला तुकडा याला उत्तम. सालीकडचा घट्ट भाग घेऊन निमुळती तासायची. लोखंडी खिळा घातला तर तो टिकेल, पण मुठीचं भोक मोठं होत जातं, आणि ते दुरुस्त होत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या शोभेच्या ‘कताना’ सरावाला घेऊच नका. त्यांत पात्याचा मुठीत जाणारा भाग बहुधा बारीक सळईसारखा, झाळलेला असतो. मुठीच्या शेवटी नट दिसला किंवा मेकुगी नुसती चित्रापुरती असली तर ती भिंतीवरच राहू द्या. झाळ सुटली की पातं फिरवताना समोरच्यावर उडतं.

बजेट नसेल तर वर्षभर बोक्केनवर, म्हणजे लाकडी तलवारीवर, काढा. मापाचं बोक्केन १०२ सेंटिमीटरच्या आसपास असतं. जपानी ओक मागवण्यापेक्षा गावच्या सुताराकडून धावड्याचं करून घ्या. कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच होतात ते उगाच नाही. बाभूळही चालते, सागवान नको. त्याच्या चिलप्या उडतात. लाकडाच्या रेषा टोकापासून मुठीपर्यंत सलग असाव्यात, मध्येच बाहेर पडणारी रेषा असली की जोडीच्या सरावात तिथेच मोडतं. व्हार्निश टाळा, जवसाचं तेल पुरे.

नेण्या-आणण्याचं बघून घ्या. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब धारदार पात्याची तलवार शस्त्रांत मोडते. इआइतोला धार नाही, पण लांबून बघणाऱ्या हवालदाराला ते कळत नाही. सणासुदीला आणि निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदी लागते, त्या दिवसांत घरीच ठेवा. एरवी कापडी पिशवीत, परज बांधून, आणि क्लासचं पत्र सोबत.

भाव येनच्या दराबरोबर हलतो आणि वर कस्टम, जीएसटी, टपाल येतं, तेव्हा ऑर्डरआधी एकूण आकडा लेखी मागून घ्या. पावडर मारून पुसायचा संच फुकट मिळत असला तरी नको म्हणा. ती पावडर पोलादासाठी आहे, मिश्रधातूच्या मुलाम्यावर ओरखडे पडतात. मऊ सुती फडक्याने घाम पुसला की झालं; घाम तसाच राहिला तर पात्यावर ठिपके पडतात. ऑर्डरची वेळ अशी धरा की पार्सल थंडीत पोचेल. उन्हाळ्यात आलं तर खोकं उघडून तलवार दोन आठवडे आतल्या खोलीत नुसती ठेवा, रोज एकदा हाबाकी ढिली-घट्ट बघा, आणि मगच तोंड सैल आहे की नाही ते विक्रेत्याला कळवा.