पीएचं नाव बदललं, पण नियम नाही बदलले: माझे ६,६०० डॉलर कसे गेले

कोर्स विकणारा तो माणूस फोनवर मराठीत बोलला आणि मी तिथेच निम्मी विरघळले. परक्या देशात कुणी 'ताई' म्हटलं की किती बरं वाटतं, हे इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मी भारतात बीएएमएस करून सात वर्षं प्रॅक्टिस केली होती. लग्नानंतर अमेरिकेत आले. त्या पदवीवर इथे पेशंटला हात लावता येत नाही, आणि इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षांनाही बसता येत नाही. मग एका मैत्रिणीनं फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, सुचवलं. तिच्या मुलाच्या तापात त्याला तपासून औषध लिहून देणारी बाई डॉक्टर नव्हतीच, पीए होती. पीए रोग्याला तपासतो, निदान करतो, औषधं लिहून देतो, ऑपरेशनमध्ये सर्जनला हात देतो. मी वाचत गेले तशी त्यात गुंतत गेले. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चौघांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला होता. हातात अनुभव आहे पण डॉक्टरकीची पदवी नाही, अशा माणसांसाठी काढलेली वाट. मला वाटलं, ही तर माझ्यासाठीच आहे.

एका जाहिरातीखाली नाव-नंबर भरला. दोन दिवसांत त्याचा फोन.

"ताई, २०२१ ला नाव बदललं, माहितीये ना? असिस्टंटचं असोसिएट झालं. त्याबरोबर नियमही बदलले. परदेशातल्या डॉक्टरांना आता ब्रिज कोर्स करून पीएची परीक्षा, पॅन्स, थेट देता येते."

मी फोन ठेवून लगेच शोधलं. नाव खरंच बदललं होतं. पीएंच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२१ मध्ये 'फिजिशियन असोसिएट' हे नाव स्वीकारलंय. वाक्याचा पहिला भाग खरा निघाला, म्हणून दुसरा मी तपासलाच नाही. त्याचं सगळं बोलणं असंच होतं, प्रत्येक खोट्याला एक खरं जोडलेलं.

खरी गोष्ट अशी आहे. नाव संघटनेनं बदललं; परीक्षा आणि लायसन्स संघटनेच्या हातात नाही. पॅन्स ही परीक्षा एनसीसीपीए ही पीएंना प्रमाणित करणारी संस्था घेते आणि तिला फक्त एआरसी-पीए, म्हणजे पीएच्या शिक्षणाला मान्यता देणारी संस्था, हिची मान्यता असलेल्या प्रोग्रामचे पदवीधर बसू शकतात. परदेशी डॉक्टरला सूट नाही, एमबीबीएस असला तरी नाही. पॅन्स झाल्याशिवाय कुठलंही राज्य नव्या पीएला लायसन्स देत नाही. हे दोन्ही संस्थांच्या वेबसाइटवर उघड लिहिलेलं आहे. मी दहा मिनिटं काढली असती तर वाचलं असतं.

पहिले ९०० डॉलर मी क्रेडिट कार्डानं भरले. नंतर तो म्हणाला, "कार्डावर आम्हाला कमिशन जातं, झेलवर टाका." झेल म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात थेट पैसे पाठवायची सोय. मग १,९०० चे तीन हप्ते झेलवर गेले.

कोर्स नऊ महिन्यांचा, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि रविवारी एक तास क्लास. खरा पीए प्रोग्राम साधारण सव्वादोन वर्षांचा, मास्टर्सचा असतो, आणि त्यातला दुसरा भाग सगळा दवाखान्यांत जातो: फॅमिली मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, इमर्जन्सी, मानसोपचार. दोन हजारांच्या आसपास तास पेशंटपाशी. मी हे विचारल्यावर त्यानं सांगितलं, तासांचं प्रमाणपत्र आमच्याकडून मिळेल. आठवड्यानं मेसेज आला: "ताई, तारखा कोणत्या टाकू?"

तो मेसेज मी अजून ठेवलाय. ज्या क्लिनिकचं मी दारही पाहिलं नव्हतं, तिथे मी १,००० तास काम केल्याचा कागद. सात वर्षं नाडी बघितलेली बाई मी. त्या क्षणी मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंही होतं. पण तोवर ४,७०० डॉलर गेले होते, आणि ते बुडाले असं नवऱ्याला सांगायची हिंमत होत नव्हती. शेवटचा हप्ता मी त्या भीतीपोटी भरला.

शेवटी प्रमाणपत्राची पीडीएफ आली. वर मोठ्या अक्षरांत 'पीए पाथवे', खाली बारीक अक्षरांत 'क्लिनिकल मेडिकल असिस्टंट'. मेडिकल असिस्टंट हे वेगळं काम आहे. बीपी घेणं, पेशंटला खोलीत नेऊन बसवणं, नोंदी करणं. प्रतिष्ठेचं काम आहे, पण ती पीएची पदवी नव्हे. इंग्रजीत दोन्ही नावं एकसारखी वाटतात आणि ही माणसं नेमका त्याचाच फायदा घेतात.

मी एआरसी-पीएची यादी उघडली. आमची संस्था नाही. स्पेलिंग बदलून तीनदा शोधलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "प्रोव्हिजनल मान्यता आहे, म्हणून दिसत नाही." हेही अर्धं खरं. नव्या प्रोग्रामला प्रोव्हिजनल मान्यता मिळते, पण ती मिळालेले प्रोग्राम त्याच यादीत असतात, शेरा लावून. आणि अमेरिकेबाहेरच्या शाळांना एआरसी-पीए मान्यता देतच नाही, म्हणजे 'भारतात बसून करा' म्हणणारा कुणीही सरळ खोटं बोलतोय.

कार्डाचे ९०० बँकेत वाद घातल्यावर परत आले. झेलचे आले नाहीत. ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे तक्रार केली आहे.

आता खऱ्या पीए प्रोग्रामच्या प्रवेशासाठी मी कम्युनिटी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स करतेय. परदेशातले विषय मोजायचे की नाही, हे प्रत्येक प्रोग्राम आपापलं ठरवतो, म्हणून मी पाच ठिकाणच्या ॲडमिशन ऑफिसला सरळ ईमेल केली. तिघांनी नाही म्हटलं, दोघांनी त्या विषयांचं मूल्यमापन करून पाठवा म्हटलं. ईमेलला एक पैसा लागला नाही. बहुतेक प्रोग्रामचा अर्ज कॅस्पा नावाच्या पोर्टलवरून जातो, फीही तिथेच भरायची. मधल्या माणसाची कुठेच गरज पडत नाही.

त्याचा नंबर बंद झालाय. जाहिरात मात्र गेल्या आठवड्यात पुन्हा दिसली, वेगळ्या नावानं, आणि वाक्य तेच: 'नाव बदललं, नियम बदलले.' मी रिपोर्ट केली. खाली एका मुलीनं 'इंटरेस्टेड' लिहिलं होतं. तिला मी एआरसी-पीएच्या यादीची लिंक पाठवली आहे, अजून उत्तर आलेलं नाही.