क्लिनिकल, कम्युनिटी की दोन्ही? अमेरिकेतल्या डॉक्टरेटचा अर्ज भरण्याआधी

अमेरिकेत मानसशास्त्रात डॉक्टरेट करायचं ठरलं की बहुतेक जण आधी विद्यापीठांची यादी करायला बसतात. यादी नंतर करा. आधी डोळ्यांसमोर आणा, दहा वर्षांनी तुमचा मंगळवार कसा असेल? दार लावलेली खोली आणि समोर एक माणूस? की एखाद्या वस्तीतली बैठक, जिथे उपचारांइतकीच घरभाड्याची आणि शाळेचीही चर्चा आहे? यातलं काय हवं ते कळलं की निम्मी यादी आपोआप गळते.

वाटा मुख्यतः चार. क्लिनिकल म्हणजे समोरच्या माणसावर उपचार, कम्युनिटी म्हणजे वस्ती आणि समाजाच्या पातळीवर काम. क्लिनिकल पीएचडी, क्लिनिकल-कम्युनिटी पीएचडी, सायडी (PsyD, उपचारावर भर देणारी डॉक्टरेट) आणि निव्वळ कम्युनिटी पीएचडी.

सगळ्यात आधी लायसन्सचं, म्हणजे उपचार करण्याच्या परवान्याचं बघू, कारण इथे चूक झाली तर ती पाच-सहा वर्षांनी लक्षात येते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, म्हणजे एपीए, क्लिनिकल, समुपदेशन आणि शालेय मानसशास्त्राच्या डॉक्टरेटना मान्यता देते. निव्वळ कम्युनिटी सायकॉलॉजी त्यात नाही. लायसन्स देतं राज्य, पण एपीए-मान्य पदवी आणि वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप असेल तर पुढचा रस्ता सरळ होतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा ‘कम्युनिटी रिसर्च अँड ॲक्शन’ किंवा मिशिगन स्टेटमधली इकॉलॉजिकल-कम्युनिटी शाखा हे कार्यक्रम उत्तम आहेत, पण ते उपचारक घडवण्यासाठी नाहीत. तिथून बाहेर पडलेली माणसं कार्यक्रमांचं मूल्यमापन करतात, धोरणावर काम करतात, प्राध्यापक होतात. तुम्हाला तेच हवं असेल तर क्लिनिकलचं ओझं उगाच घेऊ नका. मात्र ‘थेरपीही करीन थोडी’ असं मनात असेल तर हे दार तुमचं नाही.

आता सायडी. १९४९ मध्ये बोल्डर शहरी भरलेल्या मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत ठरलं की क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ संशोधकही असावा आणि उपचारकही. आजची पीएचडी त्याच साच्यातली. १९७३ च्या व्हेल परिषदेने उपचारावर भर देणाऱ्या वेगळ्या पदवीला बळ दिलं. ती ही सायडी. संशोधनात मन रमत नसेल तर सायडी घेण्यात काहीही कमीपणा नाही, लायसन्स तेच मिळतं. अडचण आहे ती पैशाची. चांगल्या पीएचडीत फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल स्टायपेंड मिळतो. म्हणूनच तिथे वर्षाला मूठभर मुलं घेतात. बहुतेक सायडी कार्यक्रमांत वर्ग मोठा असतो आणि फी स्वतःच्या खिशातून भरावी लागते. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला तिथलं सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही, तेव्हा हा हिशोब घरच्यांसोबत बसून, कागदावर मांडून करा.

उरल्या दोन पीएचडी, आणि खरी ओढाताण इथेच असते. निव्वळ क्लिनिकलमध्ये तुम्ही नैराश्य, चिंता, आघात यांतला एखादा विषय धरून खोल जाता. क्लिनिकल-कम्युनिटीत प्रश्नच वेगळा पडतो: हा माणूस आजारी का पडला, आणि त्याच्या आजूबाजूचं काय बदललं तर पुढचा पडणार नाही? १९६५ मध्ये बोस्टनजवळच्या स्वॅम्पस्कॉट गावी मानसशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथून कम्युनिटी सायकॉलॉजी स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली. दोन वर्षांपूर्वीच सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा झाला होता, आणि दवाखान्यात बसून येईल त्याला तपासणं पुरेसं नाही हे या मंडळींना जाणवलं होतं.

दोन्ही बाजू एकत्र आल्या की काय होतं याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांचं. त्यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘पाथवेज टू हाउसिंग’ सुरू केलं. तोवर रस्त्यावर राहणाऱ्या मानसिक रुग्णाला आधी औषधं घे, व्यसन सोड, मग घर मिळेल असं सांगितलं जायचं. त्सेम्बेरिस यांनी क्रम उलटा केला: आधी घर, मग त्याला हव्या तशा सेवा. पुढे कॅनडात पाच शहरांत याची मोठी चाचणी झाली. तीव्र मानसिक आजार म्हणजे काय हे ठाऊक असल्याशिवाय हे सुचलं नसतं, आणि नुसतं आजाराकडे बघितलं असतं तरीही सुचलं नसतं.

म्हणून मी ही क्लिनिकल-कम्युनिटीची वाट मनापासून सुचवते, पण ‘दोन्ही दारं उघडी राहतील’ एवढ्याच कारणासाठी नाही. इथे कामही दुप्पट असतं. दवाखान्यातले तास भरायचे, शिवाय वस्तीतल्या संस्थांशी नातं जोडायचं. आणि ते नातं सेमिस्टरच्या वेळापत्रकावर चालत नाही. साउथ कॅरोलायना विद्यापीठ, शिकागोचं डीपॉल, इलिनॉयचं अर्बाना-शॅम्पेन ही या परंपरेतली जुनी नावं.

अर्जही वेगळा लागतो. पीएचडीत तुम्ही विद्यापीठाकडे कमी आणि एका प्राध्यापकाकडे जास्त अर्ज करत असता. ते यंदा विद्यार्थी घेणार आहेत का, हे सप्टेंबरातच मेल करून विचारा. मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला असते, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, आणि फंडिंगसह आलेल्या प्रवेशाला उत्तर द्यायची सर्वमान्य तारीख १५ एप्रिल.

एसओपीचे (अर्जासोबत ‘मला हे का शिकायचंय’ ते सांगणाऱ्या निबंधाचे) बरेच मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. ‘मला लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड आहे’ ही सुरुवात क्लिनिकलमध्येही चालत नाही, क्लिनिकल-कम्युनिटीत तर नाहीच. एका मुलीने मात्र लिहिलं होतं: पालक गटाच्या सत्रांना येत नव्हते, आम्ही धरून चाललो की त्यांना मुलांची काळजी नाही, मग एका आईने सांगितलं की सत्र संपतं तेव्हा शेवटची बस गेलेली असते. आम्ही सत्राची वेळ बदलली. या चार ओळींत ती काय बघायला शिकली ते दिसतं. क्लिनिकल अर्जात हाच अनुभव तिला संशोधनाच्या प्रश्नाकडे वळवून लिहावा लागला असता: हजेरी कशाने ठरते, ती कशी मोजायची. दोन्हीकडे एकच एसओपी पाठवू नका.

एक कागद न चुकता उघडा. एपीए-मान्य प्रत्येक कार्यक्रमाला आपल्या वेबसाइटवर विद्यार्थ्यांची आकडेवारी जाहीर करावी लागते: खर्च किती, पदवीला किती वर्षं लागली, मधेच किती जण सोडून गेले. इंटर्नशिपच्या तक्त्यात ‘इंटर्नशिप मिळाली’ आणि ‘मान्यताप्राप्त इंटर्नशिप मिळाली’ या ओळी वेगळ्या असतात. दुसरी वाचा. खाली लायसन्स मिळालेल्यांची टक्केवारी असते, तीही. सायडीची तुलना करताना हा तक्ता कुठल्याही क्रमवारीपेक्षा जास्त सांगतो.

मुलाखतीच्या दिवशी सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलायची वेळ ठेवलेली असते. तिथे स्टायपेंडमध्ये भागतं का हे विचाराच. शिवाय तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या कुणाला तरी विचारा, तुझं कम्युनिटीचं काम कुठे चालतं आणि ती जागा कुणी मिळवून दिली? उत्तरात एखाद्या संस्थेचं, तिथल्या माणसांचं नाव आलं तर बरं. ‘विद्यापीठाच्या क्लिनिकमध्येच’ असं आलं, तर त्या कार्यक्रमाची तुलना निव्वळ क्लिनिकल पीएचडीशी करा.