शंभर वॅटचा सेट, दहा वॅटचा लिनिअर: पॉवर कुठं अडवायची?

हॅम म्हणजे हौशी रेडिओचा सेट १०० वॅटचा आणि समोरचा एलडीमॉस (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) लिनिअर, म्हणजे पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, १० वॅटच्या ड्राइव्हवरच (आत येणाऱ्या पॉवरवरच) पूर्ण चालणारा. मधले ९० वॅट थोपवायचे तीन उपाय हॅम मंडळी सांगतात: पॉवर सेटिंग खाली घ्या, एएलसीची (पॉवर आपोआप आवरणाऱ्या व्यवस्थेची) वायर जोडा, नाहीतर मध्ये अ‍ॅटेन्युएटर (पॉवर खाणारी रेझिस्टरांची पेटी) घाला. सगळं सुरळीत असेल तर तिन्ही चालतात. निवड करताना पाहायचं ते एवढंच, की बिघाड झाला तर लिनिअरच्या तोंडाशी किती वॅट पोचतील.

सेटिंग फुकटात होतं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण मेनूत १० लिहिलं तरी आतला फायनल (शेवटचा पॉवर टप्पा) १०० वॅटचाच असतो. बाहेर पडणारी पॉवर मोजून एएलसी मागच्या टप्प्यांचं गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) उतरवते, म्हणजे आधी पॉवर जाते आणि मग लगाम बसतो. काही सेटांत बोलण्याच्या पहिल्याच अक्षराला, काही मिलिसेकंदांपुरता, जवळपास पूर्ण पॉवरचा झटका निघून जातो. थांबून परत बोललात की पुन्हा तोच प्रकार. वॅटमीटरच्या सुईला तो दिसतही नाही. त्यासाठी डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायच्या रेझिस्टरवर) ऑसिलोस्कोप लावावा. ५० ओहमवर १० वॅट म्हणजे शिखरापासून शिखरापर्यंत ६३ व्होल्ट, १०० वॅट म्हणजे २००. माइकमध्ये 'हॅलो' म्हटल्यावर पडदा ६३ ओलांडत नसेल, तर तुमचा सेट सभ्य आहे.

८११ए व्हॉल्व्हचा जुना लिनिअर असला झटका सहसा पचवतो, आणि त्याला ड्राइव्हही जास्त लागतो. तिथं सेटिंगवर भागतं. एलडीमॉसच्या गेटखालचा ऑक्साइडचा थर मात्र इतका पातळ असतो की एकदाच मर्यादा ओलांडली तरी पुरे.

एएलसीची वायर लिनिअरकडून सेटला उणे व्होल्टेज देते. आयकॉम ७३०० ला ते ० ते उणे ४ व्होल्ट लागतं. पण हीसुद्धा मोजून मग आवरणारीच व्यवस्था, त्यामुळे पहिला झटका तिलाही चुकवता येत नाही. यावर ९ व्होल्टची बॅटरी आणि पोटेन्शिओमीटर लावून गेन कायमचं दाबून ठेवायची जुनी युक्ती आहे. झटका तिनं बराच कमी होतो, पण बॅटरी उतरली किंवा प्लग निसटला की सेट मोकाट. बिघाड नेमका चुकीच्या दिशेनं होतो, म्हणून एकट्या या उपायावर मी महागडा ट्रान्झिस्टर सोपवणार नाही.

अ‍ॅटेन्युएटरला मोजायचं नसतं की आवरायचं नसतं. १० डीबीचा, म्हणजे पॉवर दहाव्या हिश्श्यावर आणणारा, पाय (π) अ‍ॅटेन्युएटर म्हणजे दोन बाजूंना जमिनीकडे ९६-९६ ओहम आणि मध्ये ७१. सेटनं चुकून पूर्ण १०० वॅट सोडले तरी पुढे १०च जातात. किंमत उष्णतेत मोजायची: सेटकडच्या रेझिस्टरमध्ये ५२ वॅट, मधल्यात ३३, लिनिअरकडच्यात जेमतेम ५. तिन्ही रेझिस्टर या हिशेबानं निवडले असतील तर पेटी उलटी जोडून चालणार नाही. खोक्यावर बाण रंगवून ठेवा. वायरवाउंड रेझिस्टर इथं निरुपयोगी, कारण ती गुंडाळीच असते. हीटसिंकवर बसणारे, इंडक्टन्स नसलेले घ्यावेत. एसएसबीवर (बोलण्याच्या पद्धतीत) त्यांना मध्येमध्ये श्वास मिळतो. एफटी८ ही डिजिटल पद्धत मात्र १५ सेकंदांतले १२.६ सेकंद सलग तापवतं, तेव्हा हीटसिंक मोठाच हवा.

दुसरी अडचण रिसीव्हची, कारण ऐकू येणारा सिग्नलही त्याच वाटेनं येतो. तिथंही १० डीबी जातात. शहरात ४० मीटर बँडवर गोंगाटच इतका असतो की ते जाणवतही नाहीत. १० मीटरवर जाणवतात. ऐकताना अ‍ॅटेन्युएटर वगळणारा बायपास रिले लावायचा तर वीज गेल्यावर अ‍ॅटेन्युएटर वाटेत राहील असाच जोडा, आणि रिले बदलेपर्यंत आरएफ (रेडिओ सिग्नल) निघू नये म्हणून सेटचा टीएक्स डिले (प्रक्षेपणाआधीचा थांबा) वाढवा.

एलडीमॉससाठी माझं मत अ‍ॅटेन्युएटरलाच, सेटिंग खाली ठेवण्याची सवय वेगळी. व्हॉल्व्हवाल्यांनी एवढा खटाटोप करू नये. आणि घरात ५ वॅटचा क्यूआरपी (कमी पॉवरचा) सेट पडून असेल, तर आधी त्यानंच लिनिअर चालवून पाहा. बऱ्याच जणांना तेवढी पॉवर पुरते.