लेसोथो: पायी की तट्टावर?

आफ्रिकेच्या दक्षिणेतला डोंगराळ देश लेसोथो. त्याचा सर्वांत सखल भागही समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर, म्हणजे चढ काही चुकत नाही. बासोथो ही तिथली स्थानिक जात; हे तट्टू दगडधोंड्यांच्या वाटेवरही सहसा घसरत नाही, ओझंही तेच वाहतं. पण सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी मांड्या बोलू लागतात, आणि उतारावर जीव मुठीत धरावा लागतो तो वेगळाच.

पायी चालताना वेग आपला. लोकरी ब्लँकेट पांघरलेला गुराखी भेटला की ‘दुमेला’ (नमस्कार) म्हणावं, दोन क्षण थांबावं. सेमोनकाँग गावाजवळचा १९२ मीटरचा मालेत्सुन्याने धबधबा तर पायीच गाठावा. डिसेंबर-जानेवारी हा तिथला उन्हाळा. दुपारी विजा कडाडतात, म्हणून पहाटेच निघा.

माझं मत पायाला. तट्टू घ्यायचंच तर सामानापुरतं.