एएमईचा बेसिक कोर्स: फी भरण्याआधी तीन वर्षांचा हिशेब मांडा

एएमई म्हणजे विमान देखभाल अभियंता. या कोर्सची माहितीपत्रकं सहसा पगारापासून सुरू होतात आणि प्लेसमेंटवर संपतात. पण कोर्सची खरी किंमत नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या सीएआर-६६ या लायसन्सच्या नियमावलीतल्या एका फरकात आहे. आधीचं कसलंही तांत्रिक प्रशिक्षण नसेल, तर बी १.१ (टर्बाइन इंजिनाची विमानं) किंवा बी २ (एव्हिऑनिक्स) या वर्गांच्या लायसन्ससाठी विमानांच्या देखभालीचा पाच वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. सीएआर-१४७ या प्रशिक्षण संस्थांच्या नियमावलीखाली मान्यता असलेल्या संस्थेतून बेसिक कोर्स पूर्ण केला असेल, तर दोन वर्षं पुरतात. म्हणजे लाखांतली फी भरून तुम्ही ही तीन वर्षांची सूट विकत घेता, आणि सोबत हात तयार करून देणारं वर्कशॉप. ब्लेझर, गणवेश, रिसेप्शनमधलं विमानाचं मॉडेल यांचा या व्यवहाराशी काही संबंध नाही. मुंबईतली कुठलीही संस्था याच दोन मापांनी तपासावी, आणि प्रवेशाच्या अटीही याच नजरेने वाचाव्यात.

शैक्षणिक अट साधी आहे. बारावी विज्ञान, आणि त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित तिन्ही विषय उत्तीर्ण. तीन वर्षांचा इंजिनीअरिंग डिप्लोमा झालेल्यांनाही बहुतेक संस्था घेतात. एमएसबीटीईचा मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा असलेल्या मुलांना सुरुवातीचे सहा महिने सोपे जातात, कारण विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स आणि धातू या मॉड्यूलांतला, म्हणजे अभ्यासक्रमाच्या विषयांतला, बराच भाग ओळखीचा असतो. टक्क्यांचा आकडा संस्थेगणिक बदलतो, बऱ्याच ठिकाणी पीसीएममध्ये ४५ किंवा ५० मागतात. अडतं ते गणितापाशी. अकरावीला बायोलॉजीच्या ओढीने गणित सोडलेला विद्यार्थी ८० टक्के घेऊन आला तरी दार बंद. बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्यांना अडचण नाही, फक्त गुणपत्रिकेवर तिन्ही मूळ विषय दिसले पाहिजेत.

सीईटी, कॅप राउंड, जेईई यांपैकी काहीही लागत नाही. एएमईच्या नावाने काही खासगी सामाईक परीक्षा घेतल्या जातात. त्यांच्या गुणांवर काही संस्था प्रवेश किंवा फीत सवलत देतात, पण ती डीजीसीएची अट नाही. ‘ही परीक्षा दिली नाही तर लायसन्स मिळणार नाही’ असं काउन्सेलर म्हणाला तर फॉर्म भरू नका. लायसन्ससाठी वय किमान १८ लागतं, त्यामुळे सतराव्या वर्षी प्रवेश घ्यायला हरकत नसते.

आता डोळे. चष्मा असला तरी चालतो, रंगदृष्टी मात्र नीट हवी. बहुतेक संस्था एमबीबीएस डॉक्टरचं प्रमाणपत्र मागतात आणि अनेक घरांत ते ओळखीच्या दवाखान्यातून तपासणीशिवायच आणलं जातं. असं करू नका. नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन इशिहारा ही रंगदृष्टीची चाचणी खरोखर करून घ्या, तीही फी भरण्याआधी. लाल-हिरव्यातला फरक कमी दिसतो हे अनेक मुलग्यांना सतरा-अठराव्या वर्षापर्यंत माहीतच नसतं. विमानातल्या वायरी रंगीत असतात म्हणून ही अट आहे, असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. विमानातल्या बहुतेक वायरी पांढऱ्याच असतात आणि त्यांच्यावर क्रमांक छापलेले असतात. रंग लागतो तो दुसरीकडे. डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्याला हिरवा. स्कायड्रॉल हे हायड्रॉलिक तेल जांभळं, जुन्या लहान विमानांतलं खनिज हायड्रॉलिक तेल लाल, १०० एलएल हे पेट्रोल निळसर. ऑक्सिजन सिलिंडर जादा दाबाने रिकामा झाला की फ्यूजलाजवरची, म्हणजे विमानाच्या धडावरची, हिरवी चकती उडून गेलेली असते. गळती कुठल्या तेलाची आहे हे रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात ओळखायचं असतं, आणि तिथे अंदाज चालत नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांची एक खास अडचण नावाची. एचएससीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर क्रम निराळा, पासपोर्टवर आणखी निराळा. त्यात कुणाचं ‘वाय’ तर कुणाचं ‘आय’. डीजीसीएच्या परीक्षांसाठी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक, काढताना कागदांवरचं नाव जुळलं नाही, तर अर्ज परत येतो आणि परीक्षेचं सत्र हातचं जातं. म्हणून दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट प्रवेशाआधी शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा. गुणपत्रिकेतली चूक असेल तर आधी कॉलेजमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. नावच बदललेलं असेल तर राजपत्रात जाहीर करावं लागतं. दोन्हींना वेळ लागतो, म्हणून हे काम निकालाच्या आठवड्यातच सुरू करावं.

इंग्रजीची अट माहितीपत्रकात एका ओळीत असते, पण नियम स्पष्ट आहे: देखभालीची मॅन्युअल्स ज्या भाषेत आहेत ती वाचता, लिहिता आणि बोलता आली पाहिजे. मराठी माध्यमाच्या मुलांनी याने घाबरून जाऊ नये. ही मॅन्युअल्स मुद्दाम आखून दिलेल्या सोप्या इंग्रजीत लिहिलेली असतात, छोटी वाक्यं आणि एका शब्दाला एकच अर्थ. अस्खलित बोलण्यापेक्षा बारकाईने वाचणं महत्त्वाचं. ‘वॉर्निंग’ लिहिलं असेल तर माणसाला इजा होऊ शकते, ‘कॉशन’ असेल तर यंत्राचं नुकसान, ‘नोट’ म्हणजे फक्त माहिती. एवढा भेद पक्का झाला की अर्धी भीती जाते. शुद्ध मराठी माध्यमातली कितीतरी मुलं या कामात उत्तम निघतात.

वर्ग कुठला घ्यायचा हे प्रवेशाच्या टेबलावर पाच मिनिटांत ठरवलं जातं आणि पुढची तीस वर्षं त्यावर जातात. बी १.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं: इंजिन, सांगाडा, लँडिंग गिअर, हायड्रॉलिक, शिवाय विद्युत यंत्रणाही. बी २ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा: रेडिओ, नेव्हिगेशन, ऑटोपायलट, विद्युत यंत्रणा. बी १.३ म्हणजे टर्बाइन हेलिकॉप्टर, आणि जुहूचा तळ हेलिकॉप्टरांचा असल्याने मुंबईच्या मुलाने या वर्गाचा विचार जरूर करावा. मॉड्यूल ३ ते १० बी १.१ आणि बी २ या दोघांनाही आहेत, फक्त काहींची खोली वेगळी. पुढे बी १.१ ला ११, १५ आणि १७, म्हणजे विमानाच्या यंत्रणा, गॅस टर्बाइन आणि प्रोपेलर. बी २ ला १३ आणि १४. ज्याला मल्टिमीटर हातात घेऊन दोष शोधत बसायला आवडतं त्याने केवळ मित्र गेला म्हणून बी १.१ घेऊ नये.

मान्यता कशी वाचायची? संस्थेकडे सीएआर-१४७ चं प्रमाणपत्र मागा आणि त्याला जोडलेलं परिशिष्ट पाहा, कारण खरी माहिती त्या परिशिष्टात असते. तुम्हाला जो वर्ग सांगितला जातोय तोच तिथे लिहिलेला आहे का, पत्ता तुम्ही उभे आहात त्याच इमारतीचा आहे का, मुदत कधी संपते. मग डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीशी ताडून घ्या. ‘बी १.१ आहे, बी २ ची मान्यता येणारच आहे’ या भरवशावर बी २ ला प्रवेश घेणं म्हणजे तीन वर्षांची सूट पणाला लावणं. आणखी एक गल्लत नेहमी होते. विद्यापीठाची बीएस्सी किंवा एरोनॉटिकल बीई ही पदवी आहे, लायसन्स नव्हे. दोन्ही एकत्र देणारे कोर्स वाईट नाहीत, पण पदवीचे तास आणि सीएआर-१४७ चे तास वेगळे दाखवायला सांगा. बी १.१ आणि बी २ चा बेसिक कोर्स २४०० तासांचा असतो, आणि त्यातला मोठा वाटा प्रात्यक्षिकाचा.

आणि म्हणून वर्कशॉप. इथे घाई करू नका, अर्धा दिवस द्या. जुनी विद्यार्थी-कामं दाखवायला सांगा, चांगली आणि बिघडलेली दोन्ही. रिव्हेट मारलेले पत्र्याचे तुकडे हातात घ्या. १/८ इंची रिव्हेटचं ठोकून तयार झालेलं डोकं साधारण ३/१६ इंच रुंद आणि १/१६ इंच उंच हवं, म्हणजे रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट आणि निम्मं. पत्र्याच्या कडेपासून अंतर रिव्हेटच्या जाडीच्या किमान दुप्पट. डोकं एका बाजूला कललेलं असेल तर मागून टेकवायचा जड ठोकळा, म्हणजे बकिंग बार, तिरका धरला होता. कडेला चिरा असतील तर रिव्हेट ठोकणारी गन गरजेपेक्षा जास्त वेळ चालली आणि धातू कडक झाला. बिघडलेल्या तुकड्यावर शिक्षकाने खडूने कारण लिहिलेलं दिसलं, तर ते वर्कशॉप जिवंत आहे असं समजा. लॉकवायरचंही, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधलेल्या तारेचंही, तसंच. ०.०३२ इंची तारेला इंचाला सहा ते आठ पीळ, आणि तारेचा ताण बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने. पीळ जास्त झाले की तार ठिसूळ होते आणि कंपनाने तुटते. तार उलट्या बाजूने ओढली असेल, तर ती बोल्ट सैल होण्यापासून रोखतच नाही.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना, उचला. त्यावर कॅलिब्रेशनची तारीख असलेलं लेबल हवं, आणि कपाटात ठेवताना तो सर्वांत कमी मापावर आणलेला हवा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते आणि माप चुकतं. मुंबईची हवा खारी, पावसाळा चार महिन्यांचा. मायक्रोमीटरच्या जबड्यावर गंज दिसला तर तेल पुसायची सवय इथे कुणाला लावलेली नाही. हत्यारं टांगायच्या शॅडो बोर्डवर प्रत्येक हत्याराची आकृती असते, एखादी रिकामी दिसली तर ‘हे हत्यार कुठे आहे?’ असं विचारा. कुणाच्या नावावर आहे ते लगेच सांगता आलं पाहिजे, कारण हँगरमध्ये हरवलेला पाना सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. आवारात विमान उभं असेल तर एवढंच विचारा: याला ग्राउंड पॉवर (जमिनीवरून वीज) जोडली जाते का, फ्लॅप हलतात का, इंजिन शेवटचं कधी चालवलं? नुसतं रंगवून ठेवलेलं विमान फोटोपुरतं उपयोगी.

प्रात्यक्षिकाचा काही भाग चालू देखभालीच्या ठिकाणीच व्हावा लागतो. संस्थेचा कुठल्या सीएआर-१४५ संस्थेशी, म्हणजे विमान देखभालीची मान्यता असलेल्या संस्थेशी, करार आहे, किती आठवड्यांचा आणि किती मुलांसाठी, हे लेखी मागा. विमानतळाच्या आत जायला प्रवेश परवाना लागतो आणि त्यासाठी पोलीस पडताळणी होते. कायमचा पत्ता कोकणात किंवा साताऱ्याला आणि राहणं डोंबिवलीत असेल, तर दोन्ही पत्त्यांचे कागद आधीच तयार ठेवा. लाइन मेंटेनन्सचं, म्हणजे विमानतळावर दोन उड्डाणांच्या मधल्या देखभालीचं, पुष्कळ काम रात्री होतं, कारण विमानं तेव्हा उभी असतात, त्यामुळे शेवटची लोकल आणि पहिली लोकल यांच्यामधला प्रवास कसा करायचा हेही घरी आधी बोलून ठेवावं. लॉगबुकमध्ये केलेलं काम त्याच दिवशी लिहा आणि सही त्याच आठवड्यात घ्या. महिन्यांनी सही मागायला जावं तर तो इंजिनीअर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो, आणि सही नसलेले तास अनुभवात धरले जात नाहीत.

फीच्या बाबतीत एकच आग्रह: डीजीसीएच्या प्रत्येक मॉड्यूलची परीक्षा फी, हत्यारांचा संच, सेफ्टी शूज आणि चालू हँगरमधलं प्रशिक्षण यांतलं काय आत आणि काय बाहेर, हे पावतीवर लिहून घ्या. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांखाली अनेकदा फक्त मुलाखतीची सोय असते. तुम्हाला नोकरीच्या आश्वासनापेक्षा दोन वर्षांचा अनुभव कुठे मिळणार याचं उत्तर हवं आहे. तो सांताक्रूझच्या हँगरमध्ये मिळेल, जुहूला मिळेल किंवा नागपूरच्या मिहानमध्ये, पण मागच्या दोन बॅचची मुलं आज नेमकी कुठे काम करताहेत हे संस्थेला सांगता आलं पाहिजे.

लायसन्स हातात आल्यावरही ए ३२० च्या कामावर सही करता येत नाही. त्यासाठी त्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं, आणि तेही इंजिनासह: सीएफएम ५६ चं वेगळं, प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू ११०० जी चं वेगळं. हे प्रशिक्षण बहुधा कंपनी करून घेते आणि बदल्यात काही वर्षांचा बाँड लिहून घेते. बेसिक कोर्सच्या फीमध्ये ‘टाइप ट्रेनिंग’ दाखवलेलं असेल तर कुठल्या विमानाचं, कुठल्या इंजिनाचं आणि कोणत्या मान्यतेखाली, हे तिन्ही लिहून मिळाल्याशिवाय त्या रकमेचा चेक देऊ नका.