राजारामपुरीतलं कॉमिकचं दुकान, जाऊन बघाच

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या बोळातलं हे दुकान म्हणजे नाद खुळा, प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, मागं पुठ्ठा लावून ठेवलाय, एक कोपरा दुमडलेला दिसणार नाही. मालकांशी बोलता बोलता २०२० चा विषय निघाला, अमेरिकेतल्या सॅन दिएगोचं कॉमिक-कॉन, म्हणजे कॉमिकवाल्यांचा मोठा मेळावा, ५० वर्षांत पहिल्यांदा रद्द झालेलं, मोठ्या कंपन्यांनी ऑनलाइन भागवलं पण तिथं टेबल मांडून प्रिंट विकणाऱ्या, समोर बसून चित्र काढून देणाऱ्या चित्रकारांचा मोठा आधारच गेला की, त्यात डायमंड या वितरकानं एप्रिलपासून काही आठवडे दुकानांना नवीन अंक पाठवणंच थांबवलेलं. म्हणूनच इथं नवख्या चित्रकारांचे प्रिंट दारातच लावलेत ते मला लई आवडलं, मी दोन घेतले, १५० ला एक. गाडी लावायला मात्र जागा नाही.