बाळाचा बाप्तिस्मा आता की नंतर? करारांविषयीची तीन मतं

जालना, परभणी, संभाजीनगर इकडच्या ख्रिस्ती घरांत बाळ झालं की दोन सल्ले येतात. आजी म्हणते, पाळकसाहेबांना विचारून बाप्तिस्म्याचा रविवार धरा. स्वतंत्र मंडळीत जाणारा चुलतभाऊ म्हणतो, लेकराला कळू द्या, मग ते स्वतः विश्वास ठेवून पाण्यात उतरेल. दोघंही पवित्र शास्त्रच उघडतात. देवाने माणसांशी केलेले करार, म्हणजे नोहाशी, अब्राहामाशी, सीनाय डोंगरावर मोशेच्या हातून नियमशास्त्र देऊन इस्राएलशी, दाविदाशी, आणि यिर्मयाच्या 31 व्या अध्यायातला नवा करार, हे सगळे दोघांनाही मान्य आहेत. अडतं ते हे करार एकमेकांशी जोडायचे कसे, यावर.

आजीचं मत, म्हणजे करारवाद, आपल्या भागात जुनं आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री यांनी 19 व्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं. त्या चर्चची शिकवण 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रावर उभी होती. त्यानुसार आदामाशी कृत्यांचा करार होता, म्हणजे आज्ञा पाळली तर जीवन. तो मोडला, तेव्हापासून शेवटपर्यंत एकच कृपेचा करार चालतो आणि बाकीचे करार म्हणजे त्याचेच टप्पे. म्हणून अब्राहामाच्या घरी कराराची खूण म्हणून आठव्या दिवशी सुंता, तसा आपल्या घरी बाळाचा बाप्तिस्मा.

या मताचं बळ उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायात दिसतं. तीन वर्षांची कालवड, शेळी, मेंढा मधोमध चिरून तुकडे समोरासमोर मांडलेत. करार मोडला तर माझी गत अशी होवो, असं म्हणत त्यांच्यामधून जायची जुनी रीत होती. यिर्मया 34 मध्ये ती स्पष्ट आहे. पण अब्राहाम गाढ झोपलाय. धुमसती भट्टी आणि जळता पलिता, एवढंच त्या तुकड्यांमधून जातं. शपथेचा सगळा भार देवाने स्वतःवर घेतला. पौल गलतीकरांना हेच समजावतो: 430 वर्षांनी आलेलं नियमशास्त्र हे वचन रद्द करू शकत नाही. माझ्या मते कोणत्याही मताने या ठिकाणी हिशेब द्यायलाच हवा. उणीव एक आहे. ‘कृत्यांचा करार’ आणि ‘कृपेचा करार’ ही नावं शास्त्रात कुठे नाहीत. ती जुळवणी पंडितांची आहे.

दुसरं मत डिस्पेन्सेशनल, म्हणजे देव वेगवेगळ्या युगांत माणसांशी वेगवेगळ्या रीतीने वागतो असं मानणारं. आयर्लंडमध्ये सेवा केलेले जॉन नेल्सन डार्बी (1800–1882) यांनी त्याला आकार दिला आणि 1909 च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमधून ते जगभर गेलं. त्या टिपांत निष्पापपणापासून राज्यापर्यंत सात युगं आहेत. इस्राएल वेगळं, मंडळी वेगळी. अब्राहामाला दिलेला देश इस्राएललाच अक्षरशः मिळायचा आहे. युगांचे रंगीत तक्ते लावून शेवटच्या काळावर शिकवण चालते, तिचं मूळ बहुधा हेच. वचनातल्या सीमा नद्यांच्या नावांनिशी दिल्या आहेत आणि हे लोक त्या गंभीरपणे घेतात, हे मला मोलाचं वाटतं. पण ख्रिस्ताने यहूदी आणि परराष्ट्रीय या दोघांचा एक केला, असं इफिसकरांस पत्र सांगतं. तिथे ही विभागणी मला ताणलेली वाटते.

तिसरं मत, नव्या कराराचं, या दोघांच्या मध्ये आहे. करार एकामागून एक उलगडत ख्रिस्तात पूर्ण होतात आणि सीनायचा करार त्याच्यात संपतो. त्याचा आधार इब्री 8. तिथे यिर्मयाचा उतारा जवळजवळ सबंध येतो: लहानापासून थोरापर्यंत सगळे मला ओळखतील. मग ज्याने अजून ओळखलं नाही, ते बाळ या करारात कसं? आजीच्या मताला हा प्रश्न सर्वांत जड जातो आणि त्याचं सोपं उत्तर मला तरी दिसत नाही.

मतभेद बाप्तिस्म्यावर थांबत नाही. पेरणीच्या दिवसांत वापसा आलाय आणि नेमका रविवार आहे. पहिल्या मताचा कडक पाळक शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळायला सांगणाऱ्या चौथ्या आज्ञेकडे बोट दाखवेल, तिसऱ्या मताचा म्हणेल की शब्बाथ सीनायबरोबर पुरा झाला. शेतकरी घरात हा प्रश्न दरसाल येतो.

एक गफलत मात्र टाळा. बाळाचा बाप्तिस्मा नको म्हणणारे सगळे डिस्पेन्सेशनल नसतात. 1689 च्या लंडन विश्वासपत्राचे बाप्टिस्ट करारवादीच होते. आणि 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात दोन्ही पद्धतींना जागा आहे. तिथे बाळाला अर्पण करून आशीर्वाद घेता येतो आणि बाप्तिस्मा पुढे होतो.

माझा कल पहिल्या मताकडे आहे, उत्पत्ती 15 मुळे. तरीही इब्री 8 वाचून ज्या आईबापांचं मन थांबतं, त्यांना घाई करायला मी सांगणार नाही. दोघांनी एकत्र बसून उत्पत्ती 15 आणि 17, यिर्मया 31, गलती 3, इब्री 8 एवढं वाचावं. मग पाळकांना सरळ विचारावं: लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याला तुमची मंडळी पुन्हा पाण्यात उतरवते का? या उत्तरावरून ती मंडळी कुठे उभी आहे ते कळेल, आणि उद्या सासर-माहेरच्या मंडळ्या वेगळ्या असल्या तर बाळाला दोन्हीकडे कसं धरलं जाईल, तेही.